जलाधारित लेपातील दोष आणि त्यांचे निदान

लाकडाच्या वस्तूवर शेवटचा हात फिरतो तो सुताराचा नव्हे, तर लेप देणाऱ्या कारागिराचा. एखादे कोरीव दार घडविण्यास कित्येक आठवडे लागतात. लेप मात्र एका दुपारी चढतो आणि बिघडायचा असल्यास त्याच दुपारी बिघडतो. सपाट फळीवरील बिघाड घासून काढता येतो. कोरीव कामावर तसे करू गेल्यास छिन्नीच्या धारेने उमटलेल्या रेषाच घासल्या जातात. म्हणून लेपाचा दोष दिसताच तो कशामुळे उद्भवला हे आधी ओळखणे आणि मगच हात घालणे, हा या कामातील पहिला नियम होय.

या विषयाच्या अभ्यासासाठी छत्तीसगढमधील नवा रायपूरसारखे दुसरे सोयीचे ठिकाण शोधून सापडणे कठीण. जुन्या रायपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर वसविलेल्या या आखीव राजधानीत २०१२ साली राज्याचे मंत्रालय आले, आणि २०१८ साली तिला ‘अटलनगर’ हे नाव जोडण्यात आले. १ नोव्हेंबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या तेथील नव्या विधानभवनाच्या दारांच्या व फर्निचरच्या कामात बस्तरच्या काष्ठशिल्पींचा वाटा आहे. एका बाजूस साग, साल, शिसव आणि बिजा यांची जंगले. दुसऱ्या बाजूस बंद, वातानुकूलित कचेऱ्या व घरे. अशा बंद जागेत स्पिरिटचा किंवा थिनरचा उग्र वास नकोसा होतो, आगीचेही भय असते. त्यामुळे पाण्यात कालविलेले लेप वापरण्याकडे कल वाढत जातो. मात्र ज्या कारागिराचा हात लाखेच्या पॉलिशवर बसला आहे, त्याला हा नवा पदार्थ प्रथम फसवतो.

लेप वाळतो म्हणजे काय होते?

लाखेचे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये पूर्णपणे विरघळलेली लाख. स्पिरिट उडून गेले की लाख मागे उरते, आणि पुन्हा स्पिरिट लावले की ती पुन्हा विरघळते. जलाधारित लेपाची रचना याहून वेगळी आहे. त्यातील अ‍ॅक्रिलिक अथवा पॉलियुरेथेन राळ पाण्यात विरघळलेली नसते. तिचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. दुधात स्निग्धांशाचे कण तरंगतात, तसाच हा प्रकार. म्हणूनच डबा उघडताच हा लेप दुधासारखा पांढरट दिसतो.

लेप लावल्यावर पाणी उडू लागते आणि कण एकमेकांजवळ येतात. लेपात अल्प प्रमाणात मिसळलेले, पाण्यापेक्षा सावकाश उडणारे द्रावक या कणांना मऊ करते. मऊ झालेले कण एकमेकांत मिसळून अखंड पापुद्रा बनतो, आणि पांढरटपणा जाऊन पारदर्शकता येते. हा क्रम नीट पार पडण्यास दोन गोष्टी आवश्यक असतात. पाणी आधी आणि द्रावक नंतर उडाले पाहिजे. तसेच कण मऊ होण्याइतकी ऊब हवी. यांपैकी एक जरी चुकली तरी पापुद्रा सदोष होतो.

आता लाखेच्या पॉलिशशी तुलना करावी. एक ग्रॅम स्पिरिटची वाफ होण्यास सुमारे २२० कॅलरी उष्णता लागते, तर एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८०. परंतु याहून महत्त्वाचा भेद वेगळाच आहे. हवेत स्पिरिटची वाफ जवळजवळ नसतेच, म्हणून ते कोणत्याही ऋतूत उडून जाते. पाण्याची वाफ मात्र हवेत आधीपासूनच असते, आणि ती जितकी अधिक, तितके नवे पाणी हवा स्वीकारत नाही. थिनर बदलून स्पिरिटच्या किंवा थिनरच्या लेपाची गती हवी तशी ठेवता येते. पाण्याऐवजी दुसरे पाणी घालता येत नाही. येथे कामाची वेळच बदलावी लागते.

एकच डबा, दोन ऋतू

रायपूरच्या परिसरात मे महिन्यात दुपारचे तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि काही दिवस त्याहूनही पुष्कळ वर जाते. हवा अत्यंत कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान ३० अंशांच्या जवळ उतरते, पण सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. विदर्भातील नागपूर, गोंदिया, चंद्रपूर येथील वाचकांना हे हवामान वेगळे सांगावयास नको. त्याच डब्यातील तोच लेप त्याच हाताने या दोन ऋतूंत लावला, तर परस्परविरुद्ध दोष दिसतात. म्हणून ‘माल खराब आहे’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी पंचांग आणि घड्याळ पाहावे.

उन्हाळ्यातील मुख्य दोष पाणी फार वेगाने उडाल्याने होतात. कुंचल्याचा दुसरा पट्टा पहिल्याला भिडण्यापूर्वीच पहिल्याची कड वाळलेली असते, त्यामुळे जोडावर दुहेरी जाडीची रेघ उमटते. कुंचल्याच्या केसांच्या खुणा सपाट होण्यास अवधीच मिळत नाही. लेप जाड असल्यास वरचा थर आधी आखडतो व खालचा ओला राहतो, आणि आटलेल्या तळ्यातील चिखलाप्रमाणे बारीक भेगा पडतात. उन्हात तापलेल्या लाकडावर आणखी एक आपत्ती ओढवते. लाकडाच्या रंध्रांतील हवा प्रसरण पावून बाहेर पडू पाहते आणि अर्धवट वाळलेल्या पापुद्र्यात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पाडते.

उपाय साधे आहेत. काम सावलीत व पहाटे करावे. लाकूड तापत असताना नव्हे, तर निवत असताना लेप द्यावा. पंखा बंद ठेवावा. जमिनीवर पाणी शिंपडून खोलीतील हवा किंचित दमट करावी, पण धूळ उडू देऊ नये. दार एकाच दमात रंगविण्याऐवजी चौकटीच्या रेषांवर त्याचे भाग पाडावेत आणि एक भाग संपवूनच दुसऱ्याकडे वळावे. लेप पातळ करणे आवश्यक वाटल्यास उत्पादकाने डब्यावर सांगितलेल्या मर्यादेतच स्वच्छ पाणी घालावे. अधिक पाण्याने कण विरळ होऊन पापुद्रा दुबळा पडतो.

पावसाळ्यात याच्या उलट घडते. पाणी उडण्याचे नाव घेत नाही. उभ्या पृष्ठभागावरील लेप स्वतःच्या भाराने खाली सरकून ओघळ येतात. जाड थराच्या पोटात पाणी अडकून राहते आणि पृष्ठभाग धुकट, दुधाळ दिसतो. लाखेच्या पॉलिशवरही पावसाळ्यात पांढरी झाक येते, आणि जुने पॉलिशवाले ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घालवितात. तोच उपाय जलाधारित लेपावर केल्यास हानी होते. स्पिरिट ताज्या पापुद्र्याला मऊ करून ओरखडते, आत अडकलेले पाणी मात्र तेथेच राहते. दुधाळपणा दिसताच प्रथम थांबावे. खोलीत हवा खेळती ठेवून एक-दोन दिवस वाट पाहिल्यास पातळ थराचा दुधाळपणा बहुधा आपोआप नाहीसा होतो. न झाल्यास तो थर घासून काढण्यावाचून गत्यंतर नाही. दुधाळ थरावर दुसरा थर चढविणे म्हणजे दोष कायमचा कोंडून ठेवणे होय.

सामान्यतः डब्यातील लेपात घन भाग ३० ते ३५ टक्केच असतो. म्हणजे एक दशांश मिलिमीटर ओला थर दिला, तर वाळल्यावर त्याचा तिसरा हिस्साच शिल्लक राहतो. हे पाहून कारागिरास एकाच हातात जाड थर देण्याचा मोह होतो. पावसाळ्यात तो मोह विशेष महाग पडतो. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. हिवाळ्याचेही एक पथ्य आहे. डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे तापमान फार उतरले, तर कण मऊ होत नाहीत आणि वाळलेला पापुद्रा भुकटीसारखा सुटू लागतो. अशा दिवसांत ऊन वर आल्यावरच काम सुरू करावे.

लाकूड काय सांगते?

काही दोषांचे मूळ हवेत नसून लाकडात असते. पहिला हात वाळल्यावर गुळगुळीत फळी खरखरीत लागते. रंध्याने वा घासण्याने दबलेले तंतू पाणी पिऊन फुगतात व उभे राहतात. हा खरे पाहता दोष नव्हे, पाण्याचा धर्म आहे. तो आधीच वसूल करून घ्यावा. लेपापूर्वी लाकूड ओल्या फडक्याने हलकेच पुसावे, पूर्ण वाळू द्यावे आणि २२० किंवा ३२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने उभी राहिलेली लव तेवढी अलगद उतरवावी. जोराने घासल्यास खालचे नवे तंतू मोकळे होतात आणि पुन्हा तेच घडते. कोरीव भागावर पॉलिश पेपरऐवजी ताठ केसांचा ब्रश वापरणे इष्ट.

दुसरा दोष डागांचा. छत्तीसगढात व विदर्भात बिज्याच्या, म्हणजेच बिवळ्याच्या, लाकडाचे पेले मिळतात. मधुमेहावर गुणकारी म्हणून त्यांत रात्रभर पाणी ठेवून पिण्याची रूढी आहे. सकाळी ते पाणी पिवळसर-तपकिरी झालेले दिसते आणि त्यात निळसर झाकही असते. औषधी गुणाचा प्रश्न येथे बाजूस ठेवू. मात्र या पेल्यात लेपाच्या एका दोषाचे संपूर्ण स्पष्टीकरण सामावलेले आहे. लाकडातील काही रंगद्रव्ये पाण्यात विरघळतात. जलाधारित लेपातील पाणीही तेच करते. रंगद्रव्ये पहिल्या थरात उतरतात आणि पांढऱ्या वा फिक्या लेपावर तपकिरी डाग पडतात. पुन्हा तोच लेप दिला तर डाग पुन्हा वर येतात. अशा लाकडाला प्रथम पाण्याविरहित असा अडथळ्याचा थर द्यावा लागतो.

काळे-निळे ठिपके दिसले तर लोखंडाचा संशय घ्यावा. लाकडातील टॅनिन आणि लोखंड यांचा ओलाव्यात संयोग होऊन काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई करण्याची एक रीत याच क्रियेवर आधारलेली होती. ठिपके खिळ्यांभोवती असतील तर कारण उघडच आहे. ते सर्वत्र विखुरलेले असतील, तर घासण्यासाठी वापरलेल्या लोखंडी तारेच्या काथ्याचे तुकडे रंध्रांत राहिले असावेत. जलाधारित लेपाच्या कामात हा काथ्या मुळीच वापरू नये. लाकूड पुसण्यास लोहयुक्त बोअरवेलचे पाणी घेऊ नये. डाग काढण्यास ऑक्झॅलिक आम्लाचे पातळ द्रावण उपयोगी पडते, परंतु ते विषारी असल्याने हातमोजे घालावेत व नंतर लाकूड भरपूर पाण्याने पुसून घ्यावे.

तिसरा प्रश्न लाकडाच्या आतल्या ओलाव्याचा. त्याची परीक्षा घरगुती साधनांनीही करता येते. फळीच्या मध्यभागातून छोटा तुकडा कापून त्याचे वजन घ्यावे. मग १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन कमी होणे थांबेपर्यंत तो वाळवावा. समजा, आधीचे वजन २३० ग्रॅम आणि नंतरचे २०० ग्रॅम भरले. घटलेल्या ३० ग्रॅमला २०० ने भागून १०० ने गुणले असता ओलावा १५ टक्के निघतो. ‘भारतीय मानक २८७’ मध्ये हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून, प्रत्येकात कोणत्या कामाच्या लाकडात किती ओलावा चालेल हे सांगितले आहे. पावसाळ्यात कार्यशाळेत तयार झालेले फर्निचर वातानुकूलित दालनात नेले की लाकूड आकसते आणि सांध्यांवरचा लेप फाटतो. ही भेग सांध्याच्या रेषेवरच सरळ गेलेली असते. ती लेपाची चूक नसल्याने नवा लेप देऊन ती मिटत नाही.

हात आणि हत्यारे

डबा हलवून घुसळला की लेपात फेस होतो आणि पृष्ठभागावर बुडबुडे येतात. लेप काठीने सावकाश ढवळावा. बुडाशी बसलेला भाग वर आणावा, पण हवा आत ओढू नये. कुंचला डब्याच्या काठावर खरडून निथळण्याची सवयही सोडावी. प्राण्यांच्या केसांचा कुंचला पाण्याने फुगून विस्कटतो, म्हणून नायलॉन-पॉलिएस्टरचा घ्यावा आणि वापरण्यापूर्वी पाण्यात भिजवून झटकावा. एकदा बसविलेल्या लेपावर पुन्हापुन्हा कुंचला फिरवू नये. लाखेच्या पॉलिशमध्ये हात फिरवीत राहणे हे कौशल्य असते, येथे तोच दुर्गुण ठरतो.

पृष्ठभागावर लेप माशाच्या डोळ्यासारखी गोल विवरे सोडून बाजूस सरकला, तर तेथे तेल, मेण अथवा सिलिकोन आहे असे समजावे. पाण्याचा पृष्ठताण स्पिरिटच्या सुमारे तिप्पट असल्याने स्निग्ध जागेवरून तो आखडून घेतो. हत्यारांना लावलेले तेल, फर्निचर चमकविण्याचा फवारा, घामट हात, एवढेच काय, सागातील नैसर्गिक तेलही याला पुरते. लेप ओला असतानाच तो पुसून काढावा, जागा स्पिरिटने वारंवार स्वच्छ फडके घेऊन पुसावी आणि वाळल्यावर पुन्हा सुरुवात करावी. विवरांवर अधिक लेप ओतल्याने ती भरत नाहीत, त्यांच्या कडा मात्र उंच होतात.

फवारणीच्या कामात पृष्ठभाग नागपुरी संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला, तर थेंब पोहोचेपर्यंत अर्धे वाळले असे मानावे. लेप फार घट्ट असेल, हवेचा दाब अयोग्य असेल किंवा पिस्तूल फार लांब धरले असेल. उन्हाळ्यात हाच दोष हाताची कोणतीही चूक नसताना केवळ कोरड्या हवेने होतो.

थराथरांतील बेबनाव

लेप काही आठवड्यांनी पापुद्र्याने सुटू लागला, तर दोष बहुधा दोन थरांच्या मधल्या जागेत असतो. पूर्ण कडक झालेल्या गुळगुळीत थराला नवा थर धरत नाही, म्हणून प्रत्येक हातापूर्वी बारीक पॉलिश पेपरने चमक मारून धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. परीक्षा सोपी आहे. न दिसणाऱ्या जागी धारदार पात्याने चौकटीच्या जाळीसारख्या रेघा ओढाव्यात, वर चिकटपट्टी दाबून झटक्याने उपटावी. चौकटी पट्टीबरोबर निघाल्या तर पकड नाही.

येथे छत्तीसगढच्या एका जुन्या उत्पन्नाचा संबंध येतो. कुसुम, पळस आणि बोर यांच्या फांद्यांवर पोसल्या जाणाऱ्या लाखेच्या उत्पादनात झारखंडबरोबर छत्तीसगढ देशात अग्रेसर आहे. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळून दिलेला पातळ हात हा बिज्याच्या रंगद्रव्यांना, सागाच्या तेलाला आणि जुन्या डागांना रोखणारा उत्तम अडथळा आहे. मात्र नैसर्गिक लाखेत सुमारे ५ टक्के मेण असते, आणि मेणावर जलाधारित लेप धरत नाही. द्रावण स्थिर ठेवल्यास मेण गढूळ साक्याच्या रूपात खाली बसते. वरचा स्वच्छ भाग निथळून घ्यावा किंवा मेणविरहित लाखच विकत आणावी. अशा रीतीने जुना पदार्थ नव्याचा पाया होऊ शकतो.

निदानाचा क्रम

दोष समोर असता चार प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला, तो कोठे आहे? एखाद्याच फळीवर असल्यास लाकूड, सगळीकडे सारखा असल्यास हवा किंवा माल, उभ्या भागावर व कडांवर असल्यास हात कारणीभूत धरावा. दुसरा, तो केव्हा दिसला? लेप देताच दिसणारी विवरे स्निग्धतेची. तासाभरात येणाऱ्या खुणा वाळण्याच्या गतीच्या. दुसऱ्या दिवशीचे डाग लाकडातील रंगद्रव्यांचे. महिन्यानंतरच्या भेगा ओलाव्याच्या किंवा पकडीच्या. तिसरा, तो कोणत्या थरात आहे? चौथा, थर नखाला मऊ लागतो की कडक? मऊ असल्यास काहीही करू नये. अर्धवट वाळलेला ओघळ पुसू गेल्यास तो पसरतो. कडक झाल्यावर तोच धारदार पात्याने अलगद उतरविता येतो. लेप हाताला अर्ध्या तासात कोरडा लागला, तरी पुरता कडक होण्यास त्याला कित्येक आठवडे लागतात, हेही लक्षात ठेवावे.

चारही उत्तरे मिळाल्यानंतरच दुरुस्ती, आणि तीही प्रथम नमुन्याच्या तुकड्यावर करावी. हा तुकडा त्याच लाकडाचा व तसाच घासलेला असावा. त्याच्या पाठीवर तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता, थरांची संख्या आणि मिसळलेल्या पाण्याचे प्रमाण लिहून ठेवावे. साधा आर्द्रतामापक एका कुंचल्याच्या किमतीत मिळतो. वर्षभरात असे वीस-पंचवीस तुकडे जमले की कार्यशाळेला स्वतःचे पंचांग लाभते, आणि ते डब्यावरील सर्वसाधारण सूचनांपेक्षा अधिक विश्वसनीय ठरते, कारण त्या सूचना लिहिणाऱ्याने नवा रायपूरचा मे महिना किंवा तेथील श्रावण पाहिलेला असतोच असे नाही.

सपाट मेजासाठी ही काळजी श्रम व पैसा वाचविते. बस्तरच्या कारागिराने कोरलेल्या खांबासाठी किंवा दारासाठी तिचे मोल याहून अधिक आहे. तेथे चुकीच्या थराची किंमत पॉलिश पेपरने चुकवावी लागते, आणि पॉलिश पेपर लेप व कोरीव काम असा भेद जाणत नाही.